चित्र पोचत असावे

आमच्या गल्लीत कुणी कुणाला तोंडावर काही सांगत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचा सगळा दोष एकट्या माझ्या माथी येणार नाही. जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहराची रीतच ती. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आम्ही दारात जाऊन आधी त्याच्या मुलांची खुशाली विचारतो, मग आज जरा उकडतंय का म्हणतो, आणि तरी त्याच्या लक्षात आलं नाही तर धुराकडे बघत उभे राहतो. त्यानेच वर पाहावं, ही अपेक्षा.

मी स्वतः एकतीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात नळजोडणीच्या खिडकीवर बसलो. एकतीस वर्षांत मी कुणाला ‘नाही’ म्हटलेलं नाही. मी ‘बघू या’ म्हणायचो. लोक समजून घ्यायचे, घरी जायचे आणि विहीर खणायचे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझं फार कौतुक केलं, म्हणाले, वास्कितोंच्या शब्दाने कधी कुणी दुखावलं नाही. ते खरंच होतं. पाण्यावाचून पुष्कळ लोक दुखावले असतील, पण शब्दाने नाही.

तर आमची धाकटी, किनासीह. तिचं लग्न तिनेच ठरवलं. मुलगा शेजारच्या जोग्जा शहराचा, नाव रादित्यो, स्वभावाने गरीब आणि तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मिळालं की खूश. अडचण त्याच्या घराण्याची होती. वडिलांचं नाव पाक ब्रोतोनिंग्रात. पणजोबा जोग्जाच्या राजवाड्यात छत्री धरायला होते, आणि ती छत्री या मंडळींनी अजून मिटलेली नाही. मागणी घालायला ते चौदा माणसं घेऊन येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी येणार होते.

मागणीच्या दिवशी आमच्याकडे मुलीचा बाप बोलत नाही. त्याच्या वतीने गल्लीतला कुणी वजनदार माणूस दरबारी जावानीजमध्ये पाहुण्यांचं स्वागत करतो, घराण्यांचे गोडवे गातो आणि शेवटी ‘आमची मुलगी तुमच्या पदरात घातली’ असं म्हणतो. आमच्या गल्लीत हे काम गेली बावीस वर्षं गल्लीप्रमुख पाक मुर्तोनो यांच्याकडे आहे. थोरल्या वेनिंगच्या वेळी तेच बोलले. मी मागे उभा राहून माना डोलावल्या. नंतर फोटो आले तर प्रत्येक फोटोत वेनिंगचा बाप म्हणून मुर्तोनो शोभून दिसत होते आणि मी मांडववाला. जावयाच्या आजीने तर निघताना त्यांचाच हात हातात घेऊन डोळे पुसले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं, आणि ते मी कुणाला सांगितलंही नव्हतं. पण लेकीला कळलं असावं. मागणीची तारीख ठरली तेव्हा किनासीह एवढंच म्हणाली, “पाक, या वेळी तुम्ही बोला. मला ‘दिली’ हे तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

घरात, दारात, बाजारात सगळे मला पाकच म्हणतात; लेकीच्या तोंडी ते ‘बाबा’, बाकीच्यांच्या तोंडी ‘राव’. त्यात अर्धा मान असतो आणि अर्धा हुकूम. या वेळी पूर्ण हुकूम होता. मी ‘बघू या’ म्हणालो. ती म्हणाली, “बघू या नाही. हो म्हणा.” मी हो म्हणालो आणि पस्तावलो.

कारण दरबारी जावानीज मला कळते, पण बोलायला गेलो की घोळ होतो. त्या भाषेत पाहुणे ‘पधारतात’ आणि आपण नुसते ‘येतो’. पाहुणे ‘आरोग्य सांभाळून असतात’ आणि आपण कसेबसे जगतो. घाईत मी स्वतःच पधारायचो आणि पाहुण्यांना नुसतं आणायचो. जोग्जाच्या माणसापुढे असलं काही बोलणं म्हणजे चपला घालून त्याच्या पाटावर बसणं. शिवाय बायको, सुपार्ती, म्हणाली की बोलताना मी जमिनीकडे बघतो. मी म्हटलं, नाही बघत. ती म्हणाली, फोनवर चित्रण करून दाखवते. दाखवलं, पण त्या एवढ्याशा पडद्यावर माझ्या चष्म्यातून मला एक पांढरा ठिपका हलताना दिसला. तो कुठे बघतोय हे काही समजेना.

तेव्हा त्या पेटीची आठवण झाली. गल्लीतल्या बायकांनी मिळून त्याच महिन्यात टीव्हीच्या मागे लावायच्या काळ्या पेट्या घाऊक मागवल्या होत्या. तळहाताएवढी पेटी, फोनवरचं चित्र टीव्हीवर मोठं करून दाखवते. अडतीस घरांपैकी बावीस घरांनी घेतल्या, उरलेल्यांनी घेतल्याचं सांगितलं. पेट्या बसवायला पाक तुकिरान आला. तो मूळचा पाण्याच्या पंपांचा मिस्त्री, पण गल्लीचं इंटरनेटही तोच बघतो. इंटरनेट सगळ्या गल्लीला मिळून एकच आहे. मुर्तोनोंच्या घरी उतरतं आणि तिथून कौलांवरून तारांनी घरोघर जातं. तुकिरान पहिली पेटी अर्थातच गल्लीप्रमुखांकडे बसवायला गेला. पेटीला नाव द्यावं लागतं. मुर्तोनोंच्या बायकोने साधंसं नाव दिलं, ‘बैठक’. पुढच्या घरी तुकिरानने विचारलं, नाव काय देऊ? तिथल्या बाईने विचारलं, प्रमुखांकडे काय दिलं? बैठक. मग आमच्याकडेही तेच द्या, उगाच वेगळं कशाला, लोक म्हणतील शिष्ट. असं करत बावीस घरांत बावीस ‘बैठक’ झाल्या. आमच्याकडे मी स्वतः जरा विचार करून, मान खाजवून, बैठक हेच नाव सुचवलं होतं.

सकाळी न्हाणं व्हायच्या आधी मी बिनबाह्यांचं बनियन आणि चौकड्यांच्या लुंगीत कपाटापुढे उभा राहिलो. सुपार्तीने फोन धरला. मी पूर्ण भाषण केलं. संपल्यावर जरा हुरूप आला आणि मी म्हणालो, “मुर्तोनोंपेक्षा बरं झालं की नाही? त्यांचं भाषण संपेपर्यंत पंगतीतल्या सोतोच्या रश्श्यावर चरबीचा थर धरतो. आणि त्या ब्रोतोनिंग्रातांचं नुसतं नाव घेताना माझ्यासारख्याला दोनदा श्वास घ्यावा लागतो.” सुपार्ती हसली, फोन हलला आणि चित्रण संपलं.

मग टीव्हीसमोर बसून मी फोनवरचं पाठवायचं चिन्ह दाबलं. यादी आली. बैठक, बैठक, बैठक, बैठक, अशी खालपर्यंत. माझ्या फोनची काच दोन वर्षांपूर्वी तडकली आहे आणि तेव्हापासून तो एकच गोष्ट दोनदा सांगतो. आज त्याला जास्तच उचकी लागली असेल असं मी धरून चाललो. एकतीस वर्षं खिडकीवर एकच नियम पाळला, रांगेत जो पहिला त्याचं काम पहिलं. पहिली बैठक दाबली. फोनने कळवलं, ‘बैठकमध्ये चालू आहे.’ समोर पाहिलं तर टीव्हीचा पडदा काळाभोर, आणि त्यात बनियनवर बसलेलं माझं प्रतिबिंब. मी शेवटपर्यंत थांबलो. वाटलं, वरून येत असेल, नळाला नाही का आधी हवा येते.

त्या दिवशी पाच वेळा केलं. दुसऱ्या दिवशी न्हाण्याआधी, दुपारच्या नमाजानंतर आणि दिवेलागणीला. भाषण सुधारत गेलं तसं नवं चित्रण करायचो आणि नवं पाठवायचो. फोन दर वेळी हसतमुखाने सांगायचा, चालू आहे. टीव्ही दर वेळी काळा. बायको म्हणाली, कुणाला तरी विचारा. पण विचारायचं कसं? मी भाषण करणार हे गल्लीला अजून सांगितलं नव्हतं, आणि मुर्तोनोंना तर नाहीच. बावीस वर्षांचा त्यांचा मान आपण काढून घेतोय हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? मी ठरवलं होतं की आदल्या दिवशी त्यांच्या घरी केळीचा घड पाठवायचा. आमच्याकडे केळीच्या घडातून बरंच काही सांगता येतं.

म्हणून कशाबद्दल ते न सांगता, नुसतं ‘आमची पेटी चित्र दाखवत नाही’ एवढं मी सहज बोललो. गल्ली सल्ल्याला कधी कमी पडत नाही. समोरचे म्हणाले, फोन आणि टीव्ही एका उंचीवर हवेत. मी दोन दिवस स्टुलावर बसून पाठवलं. कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, भाताचा कुकर चालू असला की त्याला राग येतो; आम्ही तीन दिवस भात बाहेरून आणला. एका निवृत्त मास्तरांनी टीव्हीचं तोंड उत्तरेला करायला सांगितलं. आमची उत्तर म्हणजे न्हाणीघर, तरी तेही केलं. सगळे मनापासून सांगत होते, आणि सांगताना सगळे माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होते. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

हळूहळू गल्ली माझ्याशी विचित्र वागायला लागली. डाव्या हाताच्या शेजारीणबाई एका सकाळी आल्या-कचोऱ्याचा काढा घेऊन आल्या. म्हणाल्या, घशाला बरा, आणि म्हणे जोर घशातून लावू नये, पोटातून लावावा. मी म्हटलं, कसला जोर? त्या म्हणाल्या, नाही, सहज, हवा बदललीय. समोरच्यांनी विचारलं, हल्ली चांगली बनियनं कुठे मिळतात. उजव्या बाजूच्या म्बाह सीनेम, म्हणजे सीनेम आजी, तर नव्वदीच्या. त्यांना गेल्या वीस वर्षांत कुणी दरबारी भाषेत नमस्कार केला नसेल. पण आताशा मी कुंपणापाशी दिसलो की त्या हात जोडून, पदर सावरून, अस्सल दरबारी बोलीत म्हणायच्या, “आपल्या स्वागताने या गरीब म्हातारीचं घर धन्य झालं.” मी म्हणायचो, काय म्हणता म्बाह, मी तर नळ बंद करायला आलोय. वय झालं, असं आम्ही नवरा-बायकोने आपसात म्हटलं आणि हळहळलो.

रविवारी सगळ्या गल्लीने गटारं उपसायची असतात. मी फावडं घेऊन नेमका मुर्तोनोंच्या शेजारी आलो. त्यांनी पुष्कळ वेळ गाळ काढला. मग गटाराकडे बघत म्हणाले की हल्ली लोक स्वतःच ‘पधारतात’, ऐकून मौज वाटते; त्यांचे आजोबा म्हणायचे, आपण यावं, पाहुण्यांनी पधारावं. “माझं आपलं असंच,” ते म्हणाले, “गाळ काढताना काहीतरी आठवतं.” मी थक्क झालो. नेमकी हीच चूक मी त्या दिवसापर्यंत करत होतो. घरी आल्याबरोबर ती सुधारली, आणि त्या संध्याकाळच्या चित्रणाच्या शेवटी बायकोला म्हणालोही की माणूस भला आहे, पण न विचारता शिकवायची खोड काही जात नाही. तेही नेहमीप्रमाणे पहिल्या बैठकीला पाठवलं.

दोन आठवडे झाले तरी चित्र येईना, तेव्हा मी रीतसर मार्गाने जायचं ठरवलं. रीतसर मार्ग हा माझा प्रांत. तुकिरान म्हणाला, पेटीला हात लावायचा तर तक्रारीचा अर्ज लागेल. अर्ज गल्लीप्रमुखांकडे मिळतो, त्याला कुटुंबपत्रिकेची प्रत लागते, आणि त्यावर प्रभागप्रमुखाचा शिक्का लागतो. प्रभागाच्या कचेरीत गेलो तर खिडकीवरचा बाबा म्हणाला, अर्जात दोनच रकाने आहेत, ‘इंटरनेट नाही’ आणि ‘इंटरनेट मंद’. तुमचं काय? मी म्हटलं, आमचं चित्र जातं पण पोचत नाही. तो म्हणाला, तसा रकाना नाही. मी म्हटलं, मग काय करावं? तो म्हणाला, “बघू या.” एकतीस वर्षांनंतर ते दोन शब्द मी काचेच्या दुसऱ्या बाजूने ऐकले, समजून घेतले आणि घरी गेलो.

शेवटी मी शेऱ्याच्या जागी स्वतःच्या अक्षरात तक्रार लिहिली, ‘सदर अर्जदार दररोज तीन वेळा चित्र पाठवीत असून ते कोठेही दिसत नाही’, आणि सहीसाठी मुर्तोनोंकडे नेली. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. खालच्या रकान्यात गल्लीप्रमुखाचा अभिप्राय म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘चित्र पोचत असावे’, आणि शिक्का मारला. चहा दिला. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, “लोक शांतपणे बघतात हो. कुणी मध्ये उठत नाही.” मला वाटलं, ते माझ्या अर्जाबद्दल बोलतायत.

मागणीला तीन दिवस उरले आणि गावाला गेलेल्या बू टिउर, म्हणजे टिउरबाई, परत आल्या. त्या पलीकडच्या ओळीत राहतात, मूळच्या सुमात्रा बेटावरच्या, म्हणजे सरळ तोंडावर बोलणाऱ्या. वीस वर्षं सोलोत राहूनही त्यांना सोलो चढलेलं नाही. तीन आठवडे बहिणीकडे होत्या. गुरुवारी सकाळी आल्या आणि दुपारी सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या.

“पाक वास्कितो, मी आल्यापासून चार तासांत तुमचं भाषण माझ्या टीव्हीवर दोनदा लागलं. टीव्ही बंद होता, आपोआप चालू झाला. सुरुवात बरी आहे. मध्ये पडतं. आणि बनियनला काखेत भोक आहे.”

मी म्हटलं, तुमच्याच टीव्हीवर कसं? त्या म्हणाल्या, माझ्या एकटीच्या नव्हे, येताना चार घरी विचारून आलेय, सगळीकडे लागतं, रोज, कधी याच्याकडे कधी त्याच्याकडे. आणि तुम्ही सोलोची माणसं एकमेकांना सांगतसुद्धा नाही, प्रत्येकाला वाटतंय की आपल्याच घरी येतंय. “म्बाह सीनेम तर उठून उभी राहते,” त्या म्हणाल्या. “तिला वाटतं तुम्ही तिच्याकडे आलात.”

मी खुर्चीवर बसलो. एकतीस वर्षं मी खिडकीवर लोकांना एकच सांगत आलो होतो, की पाणी सोडलं म्हणजे कुठे ना कुठे पोचतंच. तुमच्या नळाला आलं नाही तर शेजाऱ्याकडे जात असणार, आधी तिथे विचारा. एवढी साधी गोष्ट मला माझ्या वेळी सुचू नये? यादीत बावीस घरांच्या बावीस बैठका होत्या, आणि पहिली दर वेळी दुसऱ्याच कुणाची तरी असायची. मग एकेक आठवायला लागलं. काढा. बनियनची चौकशी. गटारापाशी आजोबा. आणि मग सोतोवरचा चरबीचा थर आठवला, आणि ‘शिकवायची खोड’ आठवली, आणि जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. मुर्तोनोंनी ते सगळं ऐकलं होतं. ऐकून माझ्या अर्जावर शिक्का मारला होता आणि चहा दिला होता, साखर घालून.

त्याच संध्याकाळी मी केळीचा घड न घेता, रिकाम्या हाताने त्यांच्याकडे गेलो. पाऊण तास हवेवर आणि भाताच्या रोपांवर बोललो, दोघांकडेही शेत नसताना. मग म्हटलं, रविवारी आपणच बोलावं, माझ्याच्याने होणार नाही. खरंच वाटत होतं तसं. सगळ्या गल्लीपुढे हसं झालेलं, आता त्याच लोकांसमोर कोट घालून तेच शब्द कसे बोलायचे?

मुर्तोनोंनी चहा माझ्या पुढे सरकवला. मग ठणठणीत आवाजात म्हणाले, “माझा घसा बसलाय, पाक.” आणि थांबून, “रविवारपर्यंत तरी बसलेलाच राहील.”

रविवारी सकाळी चौदा माणसं आली. ताटांत फळं, शालू, चिकट भाताची मिठाई, सगळं रेशमी फितींनी बांधलेलं. पाक ब्रोतोनिंग्रात शांत, ताठ, बोलले तर अर्ध्या आवाजात. त्यांच्या बाजूने बोलणारा माणूस असा बोलला की नुसतं ऐकून आमच्याकडच्या बायकांनी पदर नीट केले. बैठकीत पाहुणे, दारात आणि ओट्यावर गल्लीतले पुरुष, स्वयंपाकघरात बायका, आणि उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून म्बाह सीनेम. मुर्तोनो मागच्या ओळीत गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. उन्हात.

मी उभा राहिलो आणि बोललो. पाहुणे पधारले, आम्ही आलो, सगळे जागच्या जागी राहिले. सव्वीस मिनिटं मी चुकलो नाही. जमिनीकडेही पाहिलं नाही, आणि तोच घात झाला, कारण जमीन सोडून बघायला समोर किनासीह होती. हिरव्या कपड्यात, केसांत मोगरा, हात मांडीवर. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “ही आमची लेक आजवर आमच्या अंगणात वाढली, आज ती आम्ही आनंदाने...” आणि पुढचं येईना. शब्द पाठ होते. तोंडातून बाहेर येत नव्हते, कारण ते बाहेर आले की ती जाणार होती. शंभर वेळा बनियनवर ‘दिली’ म्हणालो होतो, तेव्हा ती समोर नव्हती. मला रडू येत होतं आणि जोग्जाची माणसं बघत होती.

तेवढ्यात उंबऱ्यापासून बारीक, कापरा, शुद्ध दरबारी आवाज आला. “आनंदाने, आणि जड मनाने,” म्बाह सीनेम म्हणाल्या. स्वयंपाकघरातून दोन-तीन बायका म्हणाल्या, “जड मनाने.” ओट्यावरून समोरचे म्हणाले, कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, मास्तर म्हणाले. बघता बघता सगळी गल्ली, डोकी खाली घालून, हलक्या आवाजात माझं भाषण पुढे नेत होती, माझे श्वाससुद्धा माझ्याच जागी घेत होती. शेवटच्या ओळीला मला आवाज सापडला, आणि “आपल्या पदरात घालतो, दिली” हे आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलं, पण ‘दिली’ माझं सर्वांत मोठं होतं. किनासीहने ऐकलं. तिने तोंडावर हात धरला.

इथे थांबलं असतं तर फार चांगलं झालं असतं. पण म्बाह सीनेमना ते पहिल्या दिवसाचं चित्रण अथपासून इतिपर्यंत पाठ होतं, आणि त्यांच्या दृष्टीने भाषण अजून संपलं नव्हतं. त्याच गंभीर आवाजात, हात जोडलेलेच ठेवून, त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं.

“मुर्तोनोंपेक्षा बरं झालं की नाही?”

बू टिउरनी झडप घालून त्यांच्या तोंडावर हात ठेवला, म्हणून सोतो वाचला. पण तेवढं सगळ्यांनी ऐकलं होतं. पाहुणे एकदम मुर्तोनोंकडे वळले, कारण आमची सगळी गल्ली तिकडेच बघत होती. मी डोळे मिटून घेतले.

मुर्तोनो उठले. मफलर सोडून खांद्यावर टाकला. पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, मला केला, आणि बावीस वर्षांचा तो भारदस्त आवाज दरबारी भाषेत म्हणाला, “पुष्कळ बरं झालं.” आणि खाली बसले.

पाक ब्रोतोनिंग्रातांनी पहिल्यांदा पूर्ण आवाजात काही म्हटलं. म्हणाले, मुलीला सगळ्या गल्लीने एका सुरात निरोप द्यायचा, आणि शेवटी वडीलधाऱ्या बाईने विचारायचं आणि गल्लीप्रमुखाने साक्ष द्यायची, ही जुनी रीत आमच्या जोग्जातून केव्हाच बुडाली. पणजोबांकडून ऐकली असावी असं वाटतंय. सोलोने ती जपली याचं त्यांना फार कौतुक वाटलं. त्यांनी मुर्तोनोंना विचारलं, किती जुनी असेल? मुर्तोनो छताकडे बघत म्हणाले, नक्की सांगता यायचं नाही, पण गेले तीन आठवडे तरी आम्ही कसून पाळतो आहोत.

मग जेवणं झाली. सोतो वाढला तेव्हा त्यावर चरबीचा चांगला जाड थर धरला होता. मी मुर्तोनोंच्या पंक्तीला होतो. त्यांनी चमच्याने तो थर हळूच बाजूला केला, रस्सा प्याले, आणि छान आहे म्हणाले.

लग्नाचं भाषण त्यांनीच करावं म्हणून मी पुढच्याच आठवड्यात गेलो. रीतीप्रमाणे ते दोनदा नाही म्हणाले, म्हणजे ‘बघू या’ म्हणाले, आणि तिसऱ्यांदा हो म्हणाले. पेट्यांची नावं बदलून घ्या असं तुकिरानने घरोघर सांगितलं; प्रत्येक घराने विचारलं, प्रमुखांकडे काय ठेवलंय? तिथे ‘बैठक’च होती, त्यामुळे सगळ्यांचीच राहिली. मीही आता बिनबाह्यांचं बनियन घालणं सोडलं आहे.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो आणि आमचा टीव्ही आपोआप लागला. आमच्या पेटीवर आलेलं हे पहिलं चित्र. पडद्यावर पाक मुर्तोनो होते, बनियन आणि लुंगीत, स्वतःच्या कपाटापुढे उभे, हातात घड्याळ. लग्नाच्या भाषणाची तालीम चालली होती. घराण्यांच्या महतीपाशी येऊन ते थांबले, घड्याळ पाहिलं आणि पडद्याबाहेरच्या बायकोला म्हणाले, “हे अर्धं काढू या. वास्कितोचा सोतो गार व्हायला नको.” आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

सुपार्तीने हळूच विचारलं, बंद करू का? मी म्हटलं, नको, मध्येच उठणं बरं दिसत नाही. आम्ही चहा बाजूला ठेवला, नीट मांडी घालून बसलो आणि शेवटपर्यंत पाहिलं.

सकाळी मी आल्या-कचोऱ्याचा काढा भांड्यात घेऊन त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, घशाला बरा असतो, हवा बदललीय. मुर्तोनोंनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बराच वेळ माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे.

“हवा बदललीय खरी,” ते म्हणाले, आणि भांडं आत घेऊन गेले.